दुपारी येणारा पेट्रोलचा वास

मित्रांनो, मी एका मोटरसायकलचा जुना कार्बोरेटर आहे. टाकी चकचकते, दिवा झळकतो, हॉर्न तर ओरडून आपली ओळख करून देतो. मी मात्र इंजिनाला चिकटून गुपचूप बसलेला असतो. कुणी माझ्याकडे वाकून पाहू लागले की समजावे, काहीतरी बिघडले आहे.

माझे काम साधे आहे. टाकीतले पेट्रोल घ्यायचे, हवेत मिसळायचे आणि इंजिनाला पुरवायचे. माझ्या तळाशी एक छोटी वाटी आहे. तिच्यात पितळेचा एक पोकळ फ्लोट तरंगतो. वाटी भरली की तो वर येतो आणि निडल नावाची बारीक सुई पेट्रोलची वाट बंद करते. तो बुडाला, तर वाट उघडीच राहते आणि पेट्रोल बाहेर सांडत राहते. हे लक्षात ठेवा, कारण पुढचे सारे यातूनच घडले.

माझा मालक वायरमन होता. खांद्यावर दोराचे वेटोळे, खिशात टेस्टर आणि जिभेवर कायम एखादी थट्टा. कुठे तार तुटली, कुठे दिवे गेले की आम्ही दोघे निघालो. गाडी एका किकमध्ये सुरू व्हायची. तो माझ्यावर टिचकी मारून म्हणायचा, "शहाणा आहेस रे. घरातले सगळे असे एका हाकेत उठले असते, तर काय हवं होतं!" त्याची बायको आतून ओरडायची, "ऐकलंय मी!" अशी सोळा वर्षे गेली.

मग माझ्या फ्लोटला सुईच्या टोकाएवढे भोक पडले आणि आत पेट्रोल शिरून तो जड होऊ लागला. आधी एखादा थेंब गळायचा. वायरमन तो फडक्याने पुसायचा. एकदा त्याने गाडी मिस्त्रीला दाखवली. मिस्त्रीने बोट ओले करून वास घेतला आणि म्हणाला, "ओव्हरफ्लो होतोय. फ्लोट गेला असणार. गाडी ठेवून जा, संध्याकाळी ने."

"आज नको. तीन तक्रारी आहेत. उद्या बघू."

तो उद्या सहा महिने उजाडला नाही. गाडी थांबली की वायरमन टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद करायचा आणि वेळ मारून न्यायचा.

एका संध्याकाळी तो कॉक बंद करायला विसरला. सकाळपर्यंत मी तुडुंब भरून इंजिनात उतू गेलो होतो. प्लग भिजला होता. त्याने किक मारली. गाडी उठली नाही. पुन्हा मारली. मी आतून धडपडत होतो, पण बुडालेल्याने काय करावे? बाराव्या किकला त्याला धाप लागली. बायको दारात आली. "अहो, घामाघूम झालात. राहू द्या, बसने जा."

"ही एकच," तो म्हणाला.

असे तो आणखी नऊ वेळा म्हणाला. बाविसाव्या किकला त्याचा पाय सुटला. छातीवर हात दाबून तो माझ्याशेजारी खाली बसला, मग आडवा झाला. माझ्यातून एक थेंब त्याच्या बाहीवर पडला. तो पुसायला त्याचा हात उठला नाही.

मित्रांनो, त्या किका मला अजून ऐकू येतात. कुणी जिना उतरू लागले, तरी मी मोजू लागतो. बावीसवर पावले थांबली की माझे धातूचे अंगसुद्धा गार पडते.

तो गेला. कॉक बंद करून गाडी जिन्याखाली, स्वयंपाकघराच्या दाराशी उभी केली गेली. टाकी जवळजवळ भरलेली होती. तीन आठवड्यांनी एका दुपारी, वायरमनची मुलगी कामावर गेलेली असताना, त्याची बायको माझ्याजवळ आली. तिने चाचपडत कॉक शोधला आणि उघडला. मला थांबवता आले नाही. पेट्रोल फरशीवर ठिबकू लागले आणि तो वास जिन्याखाली भरून राहिला. त्याच्या कपड्यांना, हातांना, केसांना सोळा वर्षे येत असलेला वास.

ती पायरीवर बसली. "आलात?" ती म्हणाली. "हात धुवून घ्या, चहा टाकते."

तिने दोन कप आणले. एक थंड होईपर्यंत तसाच राहिला.

मग हे रोज दुपारी होऊ लागले. एके काळी मी त्याला घरी आणत असे. आता तो नसताना मी त्याला रोज आणत होतो. मला स्वतःचीच भीती वाटू लागली.

मुलीला फरशीवर डाग दिसले. रोज सकाळी ती कॉक घट्ट बंद करून जायची, संध्याकाळी डाग ओला असायचा.

"आई, हा कॉक कोण उघडतं?"

"तुझे बाबा," आई भाजी निवडत म्हणाली.

मुलगी माझ्याकडे बघत राहिली आणि एक पाऊल मागे सरकली.

मग एक दिवस अंगात कणकण होती म्हणून ती भर दुपारी घरी आली. आत गॅसवर चहा उकळत होता. फरशीला उतार होता. माझ्यातून निघालेली ओली रेघ दाराखालून स्वयंपाकघरात शिरली होती. शेगडी तिथून चार हातांवर होती.

ती धावत आत गेली आणि आधी गॅस बंद केला. "आई, बाहेर चल! दिव्याच्या बटणाला हात लावू नकोस!" वायरमनचीच मुलगी ती. तिने कॉक फिरवला, खिडक्या सताड उघडल्या आणि आईला ओढत अंगणात नेले. तिथे तिने आईचे दोन्ही खांदे धरले. "बाबा गेले, आता तूही जाणार होतीस? मी कुणाकडे बघायचं?"

आईने कधी नव्हे ती मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला. त्याने मला उघडले. फ्लोट कानाशी धरून हलवला. आत पेट्रोल खळखळले. "शेजारून गरम पाणी आणा," तो म्हणाला. पाण्यात बुडवताच पितळेच्या सांध्यातून बुडबुड्यांची बारीक माळ वर आली.

"एवढंच भोक?" वायरमनच्या बायकोने विचारले.

"एवढंच. निडलही झिजलीय."

ती बुडबुड्यांकडे बघत राहिली. "तेव्हाच बदललं असतं, तर हे वाचले असते का हो?"

मिस्त्रीने हातातला पाना खाली ठेवला. "वहिनी, मला इंजिनातलं कळतं, माणसाच्या छातीतलं नाही. पण त्या दिवशी गाडी एका किकमध्ये सुरू झाली असती. तो गाडी दाखवायला आला, तेव्हाच मी त्याला हाताला धरून थांबवायला हवं होतं. मलाही झोप येत नाही."

त्याने नवा फ्लोट आणि नवी निडल बसवली, सुईची बैठक पुसली, कॉक उघडून माझ्याखाली कागद धरला. कागद कोरडाच राहिला.

पुढच्या दुपारी वायरमनची बायको पुन्हा आली. कॉक उघडून पायरीवर बसली. मी श्वास रोखावा तसा घट्ट बंद होतो. थेंब नाही, वास नाही. तासाभराने तिने माझ्याखाली बोट फिरवले, नाकाशी नेले. मग पहिल्यांदाच मोठ्याने रडली.

"गेले," ती म्हणाली.

तिने कॉक बंद केला आणि एकाच कपाचा चहा ठेवला.

मित्रांनो, मोठे संकट दार ठोठावून येईलच असे नाही. ते आधी थेंबाथेंबाने येते, आणि आपण ते फडक्याने पुसून टाकतो. घरात काही गळत असेल, कुणाला धाप लागत असेल, कुणी रिकाम्या जागेशी बोलत असेल, तर त्याच दिवशी जवळ जा आणि विचारा. आता मी गळत नाही. मुलगी याच गाडीवरून कामाला जाते आणि गाडी पहिल्याच किकला उठते. तरीही माझी मोजणी थांबत नाही. पुढच्या एकवीस किका कुणी मारलेल्या नसतात, पण मी त्या मोजतो.