एकोणीस मतं

आमगावच्या मोटर क्लबचा सेक्रेटरी हेमेंद्र टेंभरे याच्याकडे त्या पंधरा दिवसांत एकोणीस सभासदांची मतं आली. सभेत त्याने त्यातली चारच वाचून दाखवली.

क्लब तसा लहानच. धान घरात आलं की गावाबाहेरच्या मुरमाड भर्रीवर, म्हणजे उंचवट्याच्या पडीक माळावर, मोटारसायकलींच्या शर्यती लावायच्या, धूळ खायची, एक ढाल द्यायची, एवढाच कारभार. एकतीस सभासद, कोणी शेतकरी, कोणी दुकानदार, एक शाळेतल्या बाई. पण क्लबला स्वतःची घटना होती, आणि तिच्यात एक कलम होतं, की नियम बदलायचा असेल तर पंधरा दिवस आधी सगळ्यांना कळवावं, मतं मागवावीत आणि आलेलं प्रत्येक मत सभेपुढे ठेवावं. हे कलम चार वर्षांपूर्वी हेमेंद्रनेच लिहिलं होतं, आणि तेव्हा तो ते ज्याला त्याला वाचून दाखवत फिरला होता.

तेव्हा ढाल त्याच्याच कृषी केंद्रात, बियाण्यांच्या पाकिटांच्या वर, भिंतीला टांगलेली असायची. मग बोदलकश्याकडचा जागेश्वर शेंडे सभासद झाला. पाण्याचे पंप दुरुस्त करणारा माणूस. त्याने आपल्या शेडमध्ये पाइप वाकवून, जोडून स्वतःच चेसिस बनवलं, त्यात जुन्या गाडीचं इंजिन बसवलं आणि लागोपाठ दोन वर्षं पहिला आला. गाडी दिसायला अशी की पहिल्यांदा पाहणारा हसायचाच. पहिल्याच वर्षी ढाल उतरवून न्यायला हेमेंद्रचा मामेभाऊ भुपेंद्र आला, तो म्हणाला, "भंगारानं हरवलं बे तुले." बोलून तो विसरलाही. हेमेंद्र विसरला नाही.

नवा नियम त्याने एका ओळीत लिहिला. यापुढे फक्त कंपनीच्या चेसिसची गाडी चालेल. कारण, सुरक्षितता. लिहिताना त्याला ते अर्धं-मुर्धं खरंही वाटत होतं. उडीवरून उतरताना पाइप तुटला, माणूस खाली आला, असं तो डोळ्यांसमोर आणून पाहत होता. दोन वर्षांत जागेश्वरची फ्रेम एकदाही मोडली नव्हती, ते मात्र तो डोळ्यांसमोर आणत नव्हता.

मतं येत गेली. चौघे नियमाच्या बाजूचे. बाकी बहुतेकांचं म्हणणं, की गाडी बंद कायले करता, तपासून घ्या. रुची पटले या शिक्षिकेने तर दोन पानं लिहून दिली होती. जागेश्वरने फोनवर बोलून पाठवलं होतं, चांगला सहा मिनिटांचा मेसेज. तो हेमेंद्रने उघडलाच नाही. उघडला नाही म्हणजे त्यात काय आहे ते आपल्याला माहीत नाही, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं.

सभेची तारीख त्याने मोठ्या लग्नतिथीची धरली. अध्यक्ष हिरालालजी बिसेन यांच्या राईस मिलच्या आवारात बाराच जण जमले; जागेश्वर त्यांत नव्हता. हेमेंद्रने चार मतं वाचली आणि कागदांची घडी घातली.

"अन् बाकीच्याइचं?" हिरालालजींनी विचारलं.

"बाकी सगळ्यांचा सूर असाच आहे जी."

हात वर झाले. जेवायला लग्नात जायची सगळ्यांना घाई होती. नियम मंजूर झाला.

तिसऱ्या दिवशी दुपारी जागेश्वर दुकानात आला. काउंटरवर हेमेंद्रची बायको रेणू बिलं फाडत होती. जागेश्वर भांडायला आला असणार, असं समजून हेमेंद्रने आवाज चढवायची तयारी केली होती. जागेश्वर मात्र खुर्चीच्या कडेला बसला आणि हळूच म्हणाला, "भाऊ, एक इचारू का?"

"इचार नं."

"माह्या मेसेजवर सभेत काय बोलले लोकं? नाई म्हणजे, लोकाइले पटलं नाई तं ठीक आहे. काऊन पटलं नाई तेवढं समजलं असतं, तं फ्रेम तशी बदलवली असती."

हेमेंद्रने रेणूकडे पाहिलं नाही. "आइकला नं सगळ्याइनं," तो म्हणाला. "पन बहुमत तिकडं होतं. मी तरी काय करू?"

जागेश्वरने मान हलवली. "आइकला नं. मंग झालं." तो उठला. जाता जाता दारात थांबून म्हणाला, "तुमच्या गाडीचं पाहून घेतलं असंनच तुमी."

"हो, हो," हेमेंद्र म्हणाला. कशाचं, ते त्याला कळलंच नव्हतं.

जागेश्वरची गाडी रस्त्याला लागल्यावर हेमेंद्रने फोन काढला आणि तो मेसेज लावला.

"नमस्कार जी सगळ्याइले. मले लिहून बरोबर मांडता येत नाई, म्हणून बोलून राहिलो. सुरक्षा पायजे, हे बरोबरच आहे. रेसच्या आधी माही फ्रेम दोघा-तिघाइनं तपासावी. हातोडी मारून पाहा. जोड उकलला तं मी गुपचूप घरी जातो. पन मंग सगळ्याच गाड्या तपासा, कंपनीच्या बी." मग बराच वेळ त्याने कुठला जोड कसा तपासायचा ते समजावून सांगितलं होतं. शेवटी आवाज जरा खाली आला. "आता मागच्या रेसमधी हेमेंद्रभाऊची गाडी माह्या पुढं होती. उडीवरून उतरली तवा मागच्या चिमट्याले चीर दिसली मले. चारचौघात सांगनं बरं नाई, पन हे भाऊच पहिले आइकतीन, म्हणून सांगतो. भाऊ, तेवढं पाहून घ्या. घरदार आहे तुमाले."

रेणूचा हात बिलबुकावर थांबला होता. "हे कधी धाडलं त्यानं?"

"बारा दिवस झाले."

"अन् तुमी आता आइकून राहिले? मंग आता त्याले काय सांगतलं?"

हेमेंद्र उठून मागच्या गोदामात गेला. मागचं चाक ज्या लोखंडी चिमट्यात बसतं त्याच्यावरचा वाळलेला चिखल त्याने ओल्या फडक्याने पुसला. जोडाशेजारी दोन बोटं लांब चीर होती. नख आत जात होतं. या बारा दिवसांत तो त्या गाडीवर तीनदा सरावाला जाऊन आला होता.

जागेश्वरकडे तो लगेच गेला असं नाही. दुसऱ्या दिवशी गोंदियाहून नवा चिमटा आणला आणि बसवून घेतला. मिस्त्री म्हणाला, "भैया, नसीबवाले हो, टाइमपर दिख गया." हेमेंद्र हसला, आणि हसता हसताच त्याला आपल्या तोंडाची किळस आली. ज्याचं म्हणणं आपण लोकांपर्यंत जाऊ दिलं नाही, त्यातलं आपल्या कामाचं तेवढं आपण काढून घेतलं. पुढचे चार दिवस रेणू त्याच्याशी कामापुरतंच बोलली. रविवारी सकाळी कोणी न सांगता त्याने गाडी काढली आणि तिरोड्याच्या रस्त्याने बोदलकश्याकडे निघाला.

जागेश्वर आपल्या शेडमध्ये बसून पंपाच्या मोटारीला तांब्याची तार गुंडाळत होता. "या भाऊ," म्हणत त्याने स्टूल सरकवला. हेमेंद्र बसला नाही.

"जागेश्वर, तुहा मेसेज मी सभेत लावला नाई."

तार गुंडाळणं चालूच होतं. "पन तुमी आइकला होता नं?"

"नाई. त्या दिवशी तू गेल्यावर आइकला."

हात थांबले. "म्हणजे मी दुकानात इचारलं तवा..."

"खोटं बोललो. बाकीच्याइची मतं बी दाबली. पंधरा जनं नियमाच्या बाजूनं नव्हते."

आतून चहा आला. जागेश्वरची बायको कप ठेवून, "बसा नं भाऊ," म्हणाली आणि परत आत गेली. ती गेल्यावर जागेश्वर हलक्या आवाजात म्हणाला, "त्या दिवशी घरी येऊन इले सांगतलं मी, का आपलं आइकलं सगळ्याइनं, पन पटलं नाई. तं हे म्हणे, आइकलं नं, बस झालं. हारनं चालते जी मले. आता इले काय सांगू?"

हेमेंद्रने चहाचा कप बाजूला सरकवला.

"नियम आपन बदलवू," तो म्हणाला. "तू गाडी तयार ठेव."

जागेश्वरने शेडच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे पंप ठेवायचा नवा स्टँड उभा होता, ओळखीच्या पाइपांचा. "परवाच कापली फ्रेम."

"कायले कापली?"

"मंग ठेवून काय करू? नियम झाला होता नं." त्याने तार पुन्हा हातात घेतली. थोड्या वेळाने मान वर न करता विचारलं, "चीर होती का?"

"होती."

"बदलवला चिमटा?"

"बदलवला."

"बरं केलं," जागेश्वर म्हणाला.

त्याने शिव्या घातल्या असत्या तर सोपं गेलं असतं, असं परतीच्या वाटेवर हेमेंद्रला पुन्हा पुन्हा वाटत राहिलं.

पुढच्या आठवड्यात त्याने खास सभा बोलावली. सत्तावीस जण आले. जागेश्वर आला नाही. हेमेंद्रने उभं राहून एकोणिसच्या एकोणीस मतं वाचायला घेतली. रुची पटले समोरच बसल्या होत्या. त्यांची दोन पानं संपता संपेनात. त्यात एक वाक्य होतं, 'या क्लबात सगळ्यांचं ऐकून घेतात, म्हणून मी इथे आले.' ते वाचताना त्याने कागद तोंडासमोर धरला. शेवटी जागेश्वरचा मेसेज लावला. चिमट्याच्या चिरेपाशी तो बंद करायला त्याचं बोट पुढे गेलं होतं, पण त्याने तो चालू ठेवला.

"तू माह्यासमोर सांगतलं होतं, का सगळ्यांचा सूर असाच आहे," हिरालालजी म्हणाले. भरवशाच्या माणसाने फसवल्यावर म्हातारी माणसं जशी बोलतात तसे, कोरड्या आवाजात.

"होय जी."

भुपेंद्र मध्ये पडला. "जाऊ द्या नं काकाजी, चुकलं त्याचं."

"चुकलं म्हणू नका," रुचीताई म्हणाल्या. "तारीखसुद्धा बघून धरली होती."

नियम रद्द झाला. त्याऐवजी प्रत्येक शर्यतीआधी सगळ्याच गाड्या तपासायच्या आणि ते काम करशील का असं जागेश्वरला विचारायचं, असं ठरलं. हेमेंद्रने राजीनामा टेबलावर ठेवला. राहू द्या, असं एखादा तरी म्हणेल, अशी आशा आपल्या मनात होती हे त्याला तेव्हा कळलं, जेव्हा तसं कोणीच म्हणालं नाही. रुचीताईंनी सभेचं रजिस्टर आपल्याकडे ओढून घेतलं आणि लिहायला सुरुवात केली.

जानेवारीतल्या पहिल्या शर्यतीला जागेश्वर आला. गाडी नव्हती, हातात लहान हातोडी होती. सव्वीस गाड्या रांगेत लागल्या आणि तो एकेका गाडीशी वाकून, जोडांवर ठोकून, कान देऊन आवाज ऐकत पुढे येत होता. बरेच जण त्याच्या पाठीवर थाप मारत होते. कोणी म्हणत होतं, नवी फ्रेम बनव, पाइप आम्ही आणून देतो. तो हसून, "पाहू," म्हणत होता.

हेमेंद्रची पाळी आली. रात्रभर त्याने दोन-चार वाक्यं जुळवून ठेवली होती.

"नंबर?" जागेश्वरने विचारलं. वही उघडलेली, नजर वहीवर.

"सतरा."

त्याने सतरा लिहिलं. खाली बसून नवा चिमटा दोन्ही बाजूंनी ठोकून पाहिला, चाक हलवून पाहिलं. बाकीच्यांच्या गाड्यांना दिला तेवढाच वेळ दिला, ना कमी ना जास्त. उठून हात झटकले.

"ठीक आहे. पुढं घ्या."

या वेळी वाक्याला 'भाऊ' लागला नाही. मागच्या गाडीवाल्याने हॉर्न वाजवला. हेमेंद्रने गाडी ढकलत पुढे नेली आणि शर्यत सुटते त्या दोरीपाशी उभी केली. शर्यत सुटायला अजून वीस मिनिटं होती. तरी त्याने हेल्मेट घातलं आणि काच खाली ओढून घेतली.