पचवणारी जमीन

अक्का जंतू पाळते, असं म्हणून गाव हसायचं. ढोरं पाळावीत, कोंबड्या पाळाव्यात, जंतू कसले पाळायचे? पण लोकांचं तरी काय चुकलं? कारखान्याचं काळं पाणी मुरून ज्या शेतात गवताची काडी उगवत नव्हती, तिथं ही बाई रोज उठून पाणी शिंपायची आणि माती खालीवर करायची.

शहरातून एक बाई आल्या होत्या, त्यांचं हे सांगणं. गावानं त्यांचं नावच जंतूवाल्या बाई ठेवलं. त्या म्हणाल्या, याच मातीत विष खाऊन जगणारे बारीक जीव आहेत, ते आम्ही वाढवून आणलेत. त्यांना ओल द्या, हवा द्या, शेणखत द्या, बाकीचं ते बघतील. अक्काला एवढंच उमगलं, की आजाऱ्याची करावी तशी मातीची उस्तवार करायची. ती तिनं केली. धाकट्या भावानंही केली, खोटं कशाला बोला. आईबापामागं अक्कानंच त्याला वाढवलेलं, जमीनही दोघांची. एक फावडं दोघांत आळीपाळीनं चालायचं.

दुसऱ्या वर्षी मातीचा तो डोक्यात जाणारा वास गेला. बाईंनी माती तपासली आणि खुशाल पेरा म्हणाल्या. अक्का ढेकूळ हातात घेऊन बांधावरच रडली. भाऊ तेव्हा भलतीकडंच बघत होता. पण घरच्या माणसावर कोण संशय घेतं?

पेरणीच्या सकाळी ती बियाण्याची टोपली घेऊन आली, तर बांधाला कारखान्याच्या काळ्या पाण्याचा टँकर लागलेला. भाऊ चालकाला वाट दाखवत होता. अंगावर कारखान्याच्या पहारेकऱ्याचे नवे कपडे.

त्यानं बरंच सांगितलं. कायमची नोकरी मिळाली, बदल्यात साहेबांनी पाणी सोडायला एवढं शेतच मागितलं, तुला सांगणारच होतो, शेतावर कुणाचं भलं झालंय.

"आणि जमीन आता पचवते ना, अक्का? बाईच म्हणाल्या. मग खाऊ दे की जंतूंना."

परक्यानं केलं असतं तर अक्कानं शिव्या घातल्या असत्या. याला काय घालणार?

"अरे, दुखण्यातून उठलेलं माणूस दोन घास खायला लागलं, म्हणून कुणी त्याच्या नरड्यात पातेलं ओततं का? मरतील ते. पुन्हा काही उगवायचं नाही इथं."

"तू घरी जा," तो म्हणाला. तिच्याकडं न बघता.

हे मात्र तिला लागलं. ती घरी गेली नाही. पदर खोचून शेतात उतरली, टँकरच्या पाइपासमोरच उभी राहिली.

"दोन वर्षं त्या जंतूंना जपलं, त्यांनी विष खाऊन मला माती दिली. तुला तर मी हातानं भरवलंय."

तिनं पाठ फिरवली, वाकली आणि मूठमूठ बी टाकायला लागली. चालक घुटमळला. बाईमाणूस समोर, त्यालाही बरं वाटेना. त्यानं भावाला विचारलं, "काय करू? सोडू का?"

अक्काचा हात बियाण्यातच थांबला. एवढं एक 'नको' तो म्हणेल, याची तिला अजूनही खात्री होती.

भाऊ खाली बघत उभा राहिला. चालकानं जरा वेळ वाट पाहिली, आणि पाणी सोडलं.