फाटकापलीकडचा नवस

बेलेनची किडनी बदलून तीन महिने झाले, तेव्हा तिच्या आईने, एदुविहेसने, जाहीर केलं, "शनिवारी मी नवस फेडायला चाललेय."

सॅन अँटोनियोच्या हॉस्पिटलात बसल्या बसल्या तिने ग्वादालुपेच्या मातेला शब्द दिला होता. पोरगी वाचली तर डांबरी रस्त्यापासून जुन्या चॅपलपर्यंत गुडघ्यांवर येईन. ते चॅपल तिच्या आजोबांनी आणि इतर शेतमजुरांनी बांधलेलं. पण चॅपल ज्या कुरणात आहे ते गेल्या वर्षी विकलं गेलं आणि नव्या मालकाने फाटकाला कुलूप ठोकलं.

"मला डॉक्टरांनी वाचवलं, आई," बेलेन वैतागून म्हणाली.

"डॉक्टरांना घरी वाफवलेले दोन डझन तमाले नेऊन दिले ना? आता मातेची पाळी."

फादर कीओंनी समजूत घातली. "घरीच नऊ दिवस जपमाळ कर. नवसातून मी तुला मोकळं करतो."

"फादर, मी शब्द दिला तेव्हा तुम्ही तिथे नव्हता. जिला दिला तिने सोडलं तर सुटेन."

शनिवारी सकाळी त्रेसष्ट वर्षांची एदुविहेस फाटकाखालून सरपटत आत शिरली आणि गुडघ्यांवर चालू लागली. खडी, काटे, वर ऊन. बेलेन फाटकाबाहेर गाडीत फुरंगटून बसली होती.

थोड्याच वेळात कुरणाचा मुकादम रोहेलिओ ट्रक घेऊन आला. त्याचा बाप्तिस्मा याच चॅपलमध्ये झालेला.

"एदुविहेसबाई, उठा बघू. माझी नोकरी जाईल."

"फाटक मी ओलांडलंय, तू नाही. तसं सांग मालकाला."

"शेरीफला बोलवावं लागेल मला."

"बोलाव. तोवर मी निम्म्यावर पोचते."

त्याने फोन केला. मग ट्रक तिथेच सोडून तो तिच्या पुढे चालू लागला आणि वाटेतले काटे बुटाने बाजूला सारू लागला, तिच्याकडे न बघता.

शेरीफचा माणूस आला तेव्हा ती दारापाशी पोचली होती. दाराला कुलूप. गुडघ्यांतून रक्त झिरपत होतं. दाराला कपाळ टेकून तिने अख्खी जपमाळ पूर्ण केली, एकही मणी न गाळता. तो माणूस टोपी काढून थांबला. शेवटी ती उठली आणि दोन्ही मनगटं पुढे केली. "हं, घाल बेड्या."

त्याने बेड्या घातल्या नाहीत, कोर्टाचा कागद दिला.

कोर्टात न्यायाधीशबाई थकल्यासारख्या म्हणाल्या, "पुन्हा तिथे जाणार नाही असं वचन द्या, मी हे इथेच मिटवते."

"एक वचन पाळलं म्हणून तर इथे उभी आहे, बाईसाहेब. दुसरं खोटं कशाला देऊ?"

मागच्या बाकावरून कुणीतरी फस्सकन हसलं. ती बेलेन होती.

चाळीस तास समाजसेवेची शिक्षा झाली: हमरस्त्यालगतचा कचरा वेचायचा. नारिंगी जाकीट चढवून एदुविहेस पहिल्या दिवशी निघाली, तर बेलेनही हातमोजे घालून तयार.

"तू कशाला? तुझा विश्वास नाही ना?"

"मातेवर नाही," बेलेन म्हणाली. "चल, ऊन वाढायच्या आत."