आत्ता की आज रात्री

सकाळी चहाचं आधण ठेवून वहिनी पुढच्या खोलीत गेल्या आणि तिथूनच त्यांनी हाक मारली, "वन्सं, जरा इकडे या बरं. ह्याचा रंगच बदललाय."

काय झालं असेल ते वन्संना न बघताच कळलं होतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते उगीच नाही. तरी पदराला हात पुसत त्या गेल्या आणि वहिनींच्या मागे उभं राहून, जणू काही ठाऊक नसल्यासारख्या, संगणकाच्या पडद्याकडे बघू लागल्या. कालपर्यंत तिथे हिरवं माळरान होतं. आज निळाशार उजेड होता आणि मधोमध लिहिलं होतं, 'स्वागत आहे. सगळं तयार आहे.'

"कसलं स्वागत?" वहिनी म्हणाल्या. "घर माझं, खुर्ची माझी, आणि हा माझंच स्वागत करतोय!"

हा संगणक वन्संच्या दादाने आणलेला. दादा जाऊन आठ वर्षं झाली, त्याच्याही आधी सहा वर्षं. दादाने तो वहिनींच्या कामासाठीच घेतला होता. वहिनी कपड्यांचे कागदी साचे करत, तेही अशा माणसांसाठी, ज्यांना दुकानातला तयार कपडा कधी बसत नाही. कुणाचा एक खांदा उतरलेला, कुणाच्या पाठीला बाक, कुणाची छाती ऑपरेशननंतर एका बाजूने सपाट झालेली. वहिनी टेप घेऊन मापं घेत, ती संगणकात भरत, आणि मग दाराएवढा रुंद जुना प्रिंटर कुरकुरत कागदाच्या गुंडाळीवर बाह्या, मुंढे, गळे काढून देई. तो कागद कुठल्याही शिंप्याकडे न्यावा, कपडा अंगावर बेतल्यासारखा बसे. चारशे बारा माणसांची मापं त्या डब्यात होती. नावं वहिनींना धड आठवत नसत, पण "तो डावा खांदा पाऊण इंच खाली" म्हटलं की माणूस डोळ्यांपुढे उभा राही.

पडद्याच्या कडेला दादाने स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवली होती. 'विचारलं की "नंतर" दाबायचं.' नवी प्रणाली घालू का, असं ते यंत्र येता-जाता विचारी. वहिनी चिठ्ठीला मान देऊन 'नंतर' दाबत आणि कामाला लागत. चौदा वर्षं असंच चाललं होतं.

आणि वन्सं? वन्सं तीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. लग्न केलं नाही, दादा-वहिनींच्याच घरी राहिल्या. त्या डब्याशी त्यांचं पहिल्यापासून वाकडं. "डोळे फोडून घ्या त्याच्यापुढे बसून," असं त्या ऐकवत. पण गेली दोन वर्षं, दुपारी अडीच वाजता वहिनींचा डोळा लागला की ह्याच बाई पावलं न वाजवता पुढच्या खोलीत जात, खुर्चीवर उशी ठेवून बसत आणि एकट्याने पत्त्यांचा डाव मांडत. चार वाजता उशी जागेवर, खुर्ची जागेवर, आणि बाई हातात वर्तमानपत्र घेऊन खिडकीशी.

काल डाव अगदी जुळून आला होता. तीन राजे लागले होते, चौथा हातात होता, आणि अचानक पत्त्यांवर एक पांढरी चौकट येऊन बसली. नवी प्रणाली तयार आहे. खाली दोनच बटणं होती, 'आत्ता' आणि 'आज रात्री'. वन्संनी चिठ्ठीकडे पाहिलं, चौकटीकडे पाहिलं. 'नंतर' कुठेच नव्हतं. 'नको' तर नव्हतंच. आतल्या खोलीत वहिनींची कूस बदलल्याचा आवाज झाला. रात्रीला अजून पुष्कळ अवकाश आहे, तोवर वहिनी बघतील काय ते, असा हिशेब करून वन्संनी 'आज रात्री' दाबलं आणि चौथा राजा लावला. डाव सुटला. त्या आनंदात वहिनींना सांगायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणजे काय, सांगायचं तर पत्तेही सांगावे लागले असते.

"मीच दाबलं असणार," वहिनी म्हणत होत्या. "काल संध्याकाळी बंद करताना चष्मा नव्हता डोळ्याला. काहीतरी आलं होतं का हो पडद्यावर? मला आठवतच नाही."

तेव्हा सांगायला हवं होतं. जीभ उचलून टाळ्याला लावायचाच काय तो अवकाश. वन्संनी मात्र तोंडात मिठाची गुळणी धरली. मग आधण उकळून उतू गेलं आणि दोघी स्वयंपाकघराकडे धावल्या.

साच्यांचा प्रोग्रॅम उघडेना. 'हा प्रोग्रॅम या प्रणालीवर चालत नाही,' एवढंच वाक्य येई आणि खाली 'ठीक आहे' नावाचं एकच बटण. "ठीक कुठे आहे, मेल्या?" वहिनी त्याला म्हणत. एकेक खिडकी उघडायला इतका वेळ लागे की तेवढ्यात चार भांडी घासून व्हावीत.

पण खरा घोर यंत्राचा नव्हताच. वहिनींच्या आईला शेवटी सगळ्याचाच विसर पडत गेला होता. आधी चाव्या विसरली, मग रस्ते, मग लेकी. शेवटच्या वर्षी ती वहिनींना "बाई, तुम्ही कुणाकडच्या?" असं विचारी. वहिनींनी ते सगळं हातांनी काढलं होतं. आता चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्यांनी स्वतःच्या हातून झालेली, स्वतःला मुळीच न आठवणारी एक गोष्ट पाहिली, आणि त्या दिवसापासून गॅसची कळ बंद केली की परत मागे फिरून बघू लागल्या. आधी एकदा, मग दोनदा. दाराला कुलूप लावून ओढून बघायच्या, चार पायऱ्या उतरून परत वर यायच्या.

"दुरुस्तीवाल्याला बोलवायचं का?" वन्संनी दुसऱ्या दिवशी विचारलं.

"नको. तो म्हणेल, म्हातारीचं डोकं गेलं. राहू दे जरा."

"राहू दे तर राहू दे," वन्सं म्हणाल्या, आणि त्यांना हायसं वाटलं. नंतर आयुष्यभर त्यांना आठवत राहिलं ते हे हायसं वाटणं.

सहाव्या दिवशी टपाल कचेरीतल्या बाई आल्या. ह्यांच्या पाठीला बाक, दर दोन वर्षांनी थोडा वाढणारा. गणवेशाचा नवा कोट शिवायचा होता.

"काकू, मापं घेताय ना? मी पोट भरून जेवूनही आलेय, उगीच खोटी बारीक नको दिसायला."

वहिनी हसल्या नाहीत. "आता नाही जमत हो माझ्याच्याने. कुणी दुसरं बघा."

"दुसरं कोण बघू? दुकानातला कोट घातला की मागून तंबू ठोकल्यासारखा दिसतो."

"चुकीचं माप गेलं हातून, तर? नको. तुमचं नुकसान नाही करायचं मला."

बाई गेल्या. त्यांचा बाक जिन्याच्या वळणावर दिसेनासा होईपर्यंत वन्सं दारात उभ्या होत्या. शाळेत कुणी खडू फेकून मारला की त्या वर्गाला उभं करत आणि म्हणत, "खरं सांगितलं तर शिक्षा नाही. पण जो गप्प बसेल, त्याच्यामुळे सगळा वर्ग उभा राहील." तीस वर्षं हे वाक्य त्यांनी म्हटलं होतं. आता वर्गात एकच मुलगी उभी होती, आणि तीही निरपराध.

तेराव्या दिवशी वहिनींनी मुलाला फोन केला, मी तुझ्याकडेच येऊन राहते म्हणाल्या. वन्संनी ते ऐकलं आणि तडक शेजारच्या गल्लीत जाऊन दुरुस्तीवाल्याला घेऊनच आल्या. ह्याला सगळे भिंग म्हणत, कारण कपाळावर भिंगाचा पट्टा कायम. जेवतानाही काढत नसे म्हणतात.

भिंगाने यंत्राचं झाकण उघडलं, फुंकर मारली, पंधरा मिनिटं काहीबाही दाबलं आणि खुर्ची मागे सरकवून उभा राहिला.

"काकू, मशीन ठणठणीत आहे. ह्याच्या जोडीची मी कितीतरी भंगारात पाहिलीत, हे अजून दहा वर्षं कुठे जात नाही. पण ही नवी प्रणाली त्याच्या अंगाबाहेरची आहे. तिला मेमरी लागते चौपट. ह्याच्या पुढची येतेय, तिला तर आत एक खास चिप लागते, चिप नसेल तर ती ह्याला दारातसुद्धा उभं करणार नाही. अपात्र, म्हणून शिक्का."

"धडधाकट आहे, पण नियमात बसत नाही," वहिनी म्हणाल्या. "माझ्या गिऱ्हाइकांसारखंच."

"बरोब्बर. आणि गंमत बघा, मशीन तुमचं, वीज तुमची, पण 'नको' म्हणायची सोय त्यांनी ठेवलेली नाही." भिंगाने डोकं खाजवलं. "लवकर का नाही बोलावलंत? दहा दिवसांच्या आत जुन्यावर परत जाता येतं, एका बटणाचं काम. दहा दिवस झाले की ते जुनं पुसून टाकतं, जागा करायला."

दहा दिवस. वन्संनी बोटांवर मोजलं. आज तेरावा.

"पण हातपाय गाळू नका," भिंग सांगत होता. "मापं सगळी शाबूत आहेत. दादांनी जुन्या प्रणालीच्या तबकड्या, त्या सीडी हो, जपून ठेवल्या असतील तर मी सगळं पुसून पहिल्यासारखं घालून देतो. साच्यांचा प्रोग्रॅमही. मग इंटरनेटची तार काढून टाकायची, म्हणजे विचारायला कुणी येणारच नाही."

तबकड्या दादाच्या खणात होत्या, कागदात गुंडाळून, वर तारीख घालून. वहिनींनी त्या आणल्या नाहीत. त्या खुर्चीवर बसून राहिल्या, मांडीवर हात ठेवून.

"नको बाबा," त्या म्हणाल्या. "तू आणशील हो परत. पण दाबणारी मीच आहे ना? आज हे दाबलं, उद्या आणखी काही दाबेन, आणि मला आठवणारही नाही. त्यापेक्षा घेऊन जा तू हे. कुणा पोराबाळाला दे. प्रिंटरही ने."

"वहिनी, असं काय करता?"

"वन्सं, तुम्हाला नाही कळायचं. माझ्या आईची सुरुवात अशीच झाली होती."

भिंगाने वायर काढायला हात घातला. प्रिंटरमध्ये अजून अर्धा कागद अडकलेला होता, कुणाच्या तरी डाव्या बाहीचा.

"मी दाबलं," वन्सं म्हणाल्या.

आवाज इतका बारीक निघाला की त्यांनाच ओळखू आला नाही. भिंगाचा हात थांबला.

"काय म्हणालात?" वहिनींनी विचारलं.

"मी दाबलं, वहिनी. तुम्ही नाही. दुपारी तुम्ही झोपला होतात, मी पत्ते खेळत होते. ते मधेच आलं. 'नंतर' नव्हतंच त्यात. मी 'आज रात्री' दाबलं."

"पत्ते?" वहिनींनी मान वर केली. "तुम्ही? ह्याच्यावर?"

"दोन वर्षं झाली."

"डोळे फोडून घेताय म्हणून मला ऐकवणाऱ्या तुम्ही?"

"हो."

भिंग खुदकन हसला आणि लगेच झाकण शोधायच्या निमित्ताने खाली वाकला. वहिनींच्याही ओठांच्या कडेला काहीतरी हललं. वन्संना वाटलं, सुटले. आता त्या हसतील, चार टोमणे मारतील, जन्मभर पत्त्यांवरून चिडवतील. चालेल, तेवढं हवंच आहे.

पण ते हसू आलं तसं विरलं.

"तेरा दिवस झाले, वन्सं," वहिनी म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "तेरा दिवस मी सकाळी डोळे उघडले की आधी मुलाचं नाव घेते. मग सुनेचं. मग नातवाचं. मग ह्यांचं. मग तुमचं. येतात की नाही बघायला. तुमचं नाव रोज पाचवं घेत होते मी."

वन्संना खाली बसावंसं वाटलं, पण खुर्ची एकच होती.

"तबकड्या खणात आहेत," थोड्या वेळाने वहिनी भिंगाला म्हणाल्या. "उजवीकडच्या. वरून दुसऱ्या. मला पक्कं आठवतंय."

यंत्र तिसऱ्या दिवशी पहिल्यासारखं झालं. हिरवं माळरान आलं, प्रिंटर कुरकुरला, इंटरनेटची तार गुंडाळून माळ्यावर गेली. वहिनींनी मुलाला फोन करून, येत नाही म्हणून कळवलं. टपाल कचेरीतल्या बाईंना वन्सं स्वतः जाऊन बोलावून आल्या, रांगेत उभं राहून, तिकिटांच्या खिडकीशी. त्यांच्या कोटाचा साचा निघाला तेव्हा वहिनींनी प्रत्येक माप टेपने दोनदा ताडून पाहिलं. पूर्वी त्या एकदाच बघत.

पत्ते जुन्या प्रणालीबरोबर आपोआप परत आले होते. वहिनी म्हणाल्यासुद्धा, "खेळा की आता उजळ माथ्याने. मी काही खात नाही तुम्हाला." त्यात टोमणा होता, आणि मायाही असावी. वन्संनी एकदा डाव मांडला. राजा हाती आला आणि तो कुठे लावायचा तेच सुचेना, म्हणून अर्ध्यावर बंद करून उठल्या.

चिडवणं झालं, बोलणंचालणं पहिल्यासारखं झालं. एक तेवढं झालं नाही. संध्याकाळची भांडी आवरली की वहिनी गॅसची कळ फिरवत, दिवा घालवत, आणि दारापर्यंत येऊन परत मागे जात. वन्सं आपल्या खोलीत बसून तो आवाज ऐकत. एकदा. मग पावलं. मग पुन्हा.

एके दिवशी राहवलं नाही. त्या स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"बंद आहे, वहिनी. मी आत्ताच पाहिलाय."

"पाहिला असेल हो," वहिनी म्हणाल्या, अगदी साध्या आवाजात, आणि त्यांच्या बाजूने वाट काढून आत गेल्या. अंधारात कळ चाचपल्याचा आवाज झाला.

वन्सं बाजूला सरकून, त्यांना बाहेर यायला जागा करून, तशाच उभ्या राहिल्या.