वापरातली खोली

ताएशिकने बांबूची काठी पुन्हा एकदा बॉयलरच्या तेलाच्या पिंपात बुडवली आणि वर काढून उजेडात धरली. तेलाची ओल जेमतेम चार बोटं. शरदातल्या सणाला आला होता तेव्हा त्याने स्वतः उभं राहून हे पिंप काठोकाठ भरून घेतलं होतं. त्याच्या हिशोबाने ते थंडी सरेपर्यंत पुरायला हवं होतं, आणि खरी थंडी तर अजून यायचीच होती.

"आई, तेल जातं कुठे?"

"जाळल्यावर जातं. आणखी कुठे जाणार?" आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. अंगात दोन स्वेटर, वर कापूस भरलेलं जाकीट, डोक्याला लोकरीची टोपी. घरात बोलतानाही तिच्या तोंडातून वाफ निघत होती.

ताएशिकच्या अंगात मात्र नुसता स्वेटर होता. सोलहून आल्या आल्या आईने त्याचा कोट काढून घेतला होता आणि गाडीत ठेवायला लावला होता. "चांगला कोट आहे, घरात नको," असं हल्ली ती दर खेपेला म्हणायची. असल्या गोठलेल्या घरात कोट काढायचा म्हणजे काय, हे तिला विचारण्यात अर्थ नव्हता.

मागच्या हिवाळ्यात तिला न्यूमोनिया झाला होता. वोंजू शहरातल्या डॉक्टरने ताएशिकला बाजूला घेऊन स्वच्छ सांगितलं होतं, "झोपायची खोली उबदार ठेवा. पुन्हा असं झालं तर मी काही सांगू शकणार नाही." तेव्हापासून तो या गोष्टीच्या मागे हात धुऊन लागला होता. रॉकेल, सिलिंडरचा गॅस, लाकडाच्या गोळ्या आणि रात्रीच्या स्वस्त दराची वीज, असे चार रकाने त्याच्या फोनमध्ये होते आणि प्रत्येकाखाली महिन्याचा खर्च. "दुसरी बायको केलीस तरी तिच्याकडे इतकं बघणार नाहीस," असं त्याची बायको मिरान त्याला म्हणायची.

तो आईसमोर फोन घेऊन बसला.

"हे बघ, लाकडाच्या गोळ्या सगळ्यात स्वस्त पडतात."

"आणि पोती कोण उचलणार? तू येणार रोज सोलहून?"

"मग गॅस."

"बर्फ पडला की सिलिंडरची गाडी पुलाच्या अलीकडूनच मागे फिरते. विचार गावात कुणालाही."

"रात्रीची वीज घेऊ."

"नवीन जोडणी देत नाहीत म्हणे."

"म्हणे, म्हणे! मग करायचं काय?"

"काही नको करायला. माझं चाललंय ना."

"चाललंय? वाफ निघतेय तुझ्या तोंडातून!" त्याचा आवाज चढला. मग त्याला स्वतःचीच लाज वाटली. आईने त्याच्यापुढे रताळ्यांची थाळी सरकवली. रताळी गरम होती, म्हणून त्याने खाण्याआधी दोन्ही हातांत नुसतीच धरून ठेवली.

दुपारी बॉयलरचा कारागीर प्यो आला. त्याने बॉयलर उघडला, नळ्या चाचपल्या, पिंपाखाली वाकून पाहिलं.

"गळती नाही कुठे. यंत्र ठणठणीत आहे, साहेब. जेवढं तापवाल तेवढं पिणार."

"पण एकच खोली तापते. बाकीचे कॉक बंद ठेवायला मीच सांगितलंय तिला. वापरातली तेवढीच खोली तापव म्हणून."

प्यो स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बसला. जमिनीखालून प्रत्येक खोलीकडे गरम पाणी नेणाऱ्या नळ्यांचे कॉक तिथे होते. त्याने एकेकाला हात लावला. "बरोबर आहे. एकच चालू आहे, आणि चांगली कढत आहे."

"आईची खोली."

"नाही हो. ही मागच्या खोलीकडे जाते. काकूंची तर गार आहे."

ताएशिकने आईकडे पाहिलं. ती एकाएकी रताळ्यांची सालं गोळा करायला लागली.

मागची खोली म्हणजे लग्नाआधी तो झोपायचा ती. त्याने दार सरकवलं आणि त्याच्या चष्म्यावर धुकं चढलं. चष्मा पुसेपर्यंत नाकाला कळलं होतं. जमिनीवर भाताचा पेंढा पसरला होता आणि त्यावर ओळीने उकडून कुटलेल्या सोयाबीनचे, विटेएवढे ठोकळे आंबत पडले होते. मेजू. त्यातून उन्हाळ्यापर्यंत वर्षभराचं जांग, म्हणजे रोजच्या स्वयंपाकात लागणारं सोयाबीनचं आंबवलेलं वाटण, तयार होणार होतं. मेजूवर पांघरूण होतं आणि ते पांघरूण त्याने ओळखलं. आजारपणानंतर मिरानने आईसाठी पाठवलेली, बदकाच्या पिसांची रजई.

"आई!"

"तूच म्हणालास ना, वापरातली खोली तापव."

"वापरातली म्हणजे तू झोपतेस ती! सोयाबीनला रजई आणि तू तिकडे थंडीत?"

"मी अंगावर चार कपडे चढवते. याला गारठा लागला की वर्षभराचं जांग गेलं. तुमच्याकडे काय पाठवू मग?"

ताएशिकच्या अगदी ओठांवर आलं होतं. नको पाठवूस. मागच्या वर्षीचा डबा बाल्कनीत तसाच पडलाय, झाकणही काढलेलं नाही. त्याआधीचा आम्ही इमारतीच्या चौकीदाराला दिला. पोरं नाक धरतात, आम्ही दुकानातलं आणतो. एवढं बोलला असता तर ही खोली आजच गार झाली असती आणि तेल पुरलं असतं. चारही रकान्यांची गरज उरली नसती.

प्यो आपली पिशवी आवरत म्हणाला, "साहेब, खोली तापलेलीच आहे. काकूंचं अंथरूण इकडे टाका की. फुकटात काम होईल."

इतकं सोपं होतं. ताएशिकला स्वतःच्या चार रकान्यांचा राग आला. "खरंच की. आई, इथेच का नाही झोपत?"

"नको."

"का नको?"

"वास बसतो रे." आईने टोपी कानावर ओढली. "कपड्यांत बसतो, केसांत बसतो, आंघोळ केली तरी जात नाही. नव्या वर्षाला तुमच्याकडे यायचं असतं. मागच्या खेपेला मी आले आणि मिरानने खिडक्या उघडल्या. एवढ्या थंडीत. बोलली काही नाही हं, गुणी पोर आहे. पण धाकट्याने नाक धरलेलं दिसलं मला." मग तिला काही आठवलं. "मागच्या वर्षीचं संपलं का?"

"संपलं," ताएशिक म्हणाला.

"वाटलंच मला. म्हणून यंदा जास्त केलंय."

तो बाहेर गेला, गाडीतून कोट काढून अंगात घातला आणि तसाच घरात आला. आईच्या खोलीतलं अंथरूण गुंडाळून मागच्या खोलीत आणलं, मेजूच्या ओळीशेजारी पसरलं, आणि कोटासकट त्यावर आडवा झाला. जमीन पाठीला चांगली शेकत होती.

"अरे, कोट!" आई दारातून ओरडली. "धुतला तरी जायचा नाही वास."

"राहू दे. ये, बस इथे."

"थोडा वेळच बसते," म्हणत ती टेकली. तिने टोपी काढली, मग वरचं जाकीट. प्यो अंगणातून निरोप घेऊन गेला तोवर ती भिंतीला डोकं टेकून झोपली होती. ताएशिकने रजईचं एक टोक मेजूवरून ओढून तिच्या पायांवर घातलं.

तो पिंपाजवळ उभा असताना मिरानचा फोन आला.

"झालं का नक्की? कुठलं स्वस्त पडतंय?"

ताएशिकने कोटाची कॉलर नाकाशी धरली. वास बसला होता.

"मिरान, बाल्कनीत आईचा डबा आहे ना अजून?"

"आहे. का?"

"आज रात्री उघड. मी येतोय जेवायला."