न वाचता घेतलेला अंगठा

सव्वीस वर्षं झाली मला या वाचनालयात. कवठे महांकाळच्या पलीकडं आमचं गाव. वाचनालय म्हणजे एक खोली, चार लोखंडी कपाटं आणि एक पंखा, तोही स्वतःच्या मर्जीनं फिरणारा. समितीची इतिवृत्ताची वही मीच लिहिते, आणि खरं सांगायचं तर मीटिंगच्या आधीच लिहिते. हसू नका. आमच्याकडं अशीच रीत आहे. ठराव आधी लिहायचा, खाली 'सर्वानुमते मंजूर' टाकायचं, वही घेऊन दारोदार सह्या गोळा करायच्या आणि मीटिंगला फक्त चहा प्यायचा. इतक्या वर्षांत कुणी एक ठराव वाचून सही केली असेल तर मला आठवत नाही.

त्या मंगळवारी लालासाहेबांचा फोन आला. लालासाहेब आमचे अध्यक्ष, मिलिटरीतून रिटायर झालेले, फोनवरही उभं राहून बोलतात असं वाटतं. म्हणाले, फिरदोसबाई, ते ढगांचं पुस्तक रद्दीत काढायचं, तिन्ही भाग, ठराव लिहून ठेवा, रविवारी मीटिंग. पोरं उलट बोलायला लागलीत, जादूटोणा शिकायला लागलीत, 'पुढं सगळं वाईटच होणार' असलं सांगणारं हे कसलं वाचन? मी विचारलं, तुम्ही वाचलंय का? ते म्हणाले, वाचायची गरज नाही, पानाचा फोटो आलाय ग्रुपवर.

पुस्तकाचं नाव 'ढगांचं कोठार'. त्यात एक शहर आहे. तिथं सरकारनं सगळे ढग कोठारात कोंडून ठेवलेत आणि कुणाच्या वाट्याला किती पाऊस ते एक मंडळ ठरवतं. चौदा वर्षांची एक पोरगी त्यातलं एक ढगाचं पिल्लू चोरते आणि घरच्या पाण्याच्या टाकीत लपवते. पोरांसाठीचं पुस्तक, पण चोपन्न वर्षांच्या बाईनं, म्हणजे मी, पहिला भाग दोन दिवसांत संपवला. डाळ करपली, अब्बा उपाशी बसले, मला पत्ता नाही. ते पिल्लू घाबरलं की टाकीत गडगडतं आणि पोरगी वरनं झाकणावर बसून मोठमोठ्यानं पाढे म्हणते. त्या पानावर मी एकटी हसत बसले होते. आमच्याकडं टँकरची वाट बघत मोठी झालेली पोरं आहेत, त्यांना हे पुस्तक कळायला शिक्षक लागत नाही. नंबर लावायला वेगळी वही करावी लागली.

त्यातली पोरगी सारखं एकच विचारते, हे कुणी ठरवलं? लालासाहेबांची धाकटी लेक समीक्षा दहावीला आहे. तिला पुढं सांगलीला शिकायला पाठवायचं नाही असं घरात ठरलं होतं. जेवताना समीक्षा म्हणाली, हे कुणी ठरवलं? झालं. सगळं प्रकरण एवढंच आहे.

आणि मी काय केलं? ठराव लिहिला. लाज वाटते सांगायला, पण लिहिला. भांडायचा कंटाळा आला होता. गुडघे दुखतात, पोरं पुस्तकं फाडून आणतात, अनुदानाचे कागद तीनतीनदा परत येतात, त्यात आणखी हे कुठं अंगावर घ्या. एवढ्या वर्षांत मी एवढी दमले होते की चूक करतानासुद्धा काही वाटलं नाही. नेहमीसारखं वळणदार अक्षरात 'सर्वानुमते मंजूर' लिहिलं आणि वही घेऊन निघाले.

सगळ्यात आधी धुळाआबांकडं गेले. आबा वाडीवरचे मेंढपाळ, आता थोडी शेतीही करतात. वाचनालय ज्या जागेवर उभं आहे ती जागा त्यांनी दिली, म्हणून समितीवर आहेत. लिहितावाचता येत नाही. दारात मेंढीची लोकर कातरत बसले होते. मी शाईचा डबा पुढं केला. त्यांनी विचारलं, "कशाचं हाय?" मी म्हणाले, नेहमीचंच आहे, आबा. त्यांनी अंगठा उठवला, शाई लोकरीला पुसली आणि मला चहा घेऊन जा म्हणाले. तो चहा मी प्यायले पण.

मग बाकीच्या चौघांच्या सह्या घेतल्या आणि वही लालासाहेबांकडं दिली. तिथं ती समीक्षानं उघडून बघितली आणि दुसऱ्या दिवशी शाळेत सांगून टाकलं. बुधवारी शाळा सुटल्यावर आबांची नात प्रांजल वाचनालयात आली. नववीतली पोर, दुसरा भाग अर्धा वाचून झालेला. एरवी दारातनंच मॅडम मॅडम करत येते. त्या दिवशी टेबलापुढं उभी राहिली आणि हळू आवाजात म्हणाली, "आबांचा अंगठा हाय खाली. आबा म्हंत्यात, फिरदोसनं सांगितलं तितं दिला." पोरीनं एवढंच सांगितलं आणि गेली.

गुरुवारी सकाळी मी कुलूप काढायच्या आधीच आबा पायरीवर बसलेले, शेजारी दप्तर घेऊन प्रांजल. म्हणाले, तो ठराव वाच. मी वाचला. मग म्हणाले, आता ते पुस्तक वाचा. प्रांजल वाचायला लागली. तिची शाळा बुडाली, माझी झाडलोट राहिली. आबा काठीवर हनुवटी टेकून ऐकत होते. ढगाचं पिल्लू टाकीत गडगडलं तेव्हा खुदकन हसले. पोरगी पकडली जाणार असं वाटलं तेव्हा म्हणाले, थांब, जरा पाणी पिऊ दे.

मग माझ्याकडं वळले. "ह्यात वंगाळ काय हाय? बिरोबाच्या जत्रंत दरसाल भाकणूक हुती. पाऊस पळंल, रोग यील, माणूस माणसाला वळखणार न्हाई, सगळं देव सांगतुया. नातवंडं मांडीवर घिऊन ऐकतुया आमी. कोण बिघडलं? उलट माणूस जागा ऱ्हातुया." आणि म्हणाले, "माझा अंगठा परत दे."

मी म्हणाले, आबा, तो परत देता येत नाही, मीटिंगला यावं लागेल.

"यीन की," ते म्हणाले. "पर अंगठा माझा हुता आन् शबुद तुजा. तूबी सांगायचंस."

उठता उठता त्यांनी आपलं कार्ड मागितलं. जागा दिली म्हणून आजीव सभासदाचं कार्ड, एका वेळी तीन पुस्तकं, कधीच न वापरलेलं. कार्ड कोरंच्या कोरं होतं. पुढं त्यांनी काय मागितलं ते मी आत्ता सांगत नाही, रविवारी सगळ्यांनाच कळलं.

रविवारी सहाही जण आले. लालासाहेबांनी चहा सांगितला. चहा यायच्या आत मी उभी राहिले आणि सांगितलं की हा ठराव मी मीटिंगआधी लिहिलाय, आबांचा अंगठा न वाचता घेतलाय आणि माझ्या मते हे पुस्तक काढणं चूक आहे. लालासाहेब म्हणाले, तुमचं मत कुणी विचारलं? ते खरंच होतं, मी फक्त वही लिहिते, ठरावावर मला मत नाही. आपला विरोध आहे असं आबा म्हणाले. बाकीच्यांनी छताकडं, पंख्याकडं बघितलं. पाच विरुद्ध एक. ठराव मंजूर झाला. 'सर्वानुमते'वर मी काट मारली आणि विरोधात म्हणून आबांचं नाव लिहिलं.

लालासाहेबांनी पोतं आणलं होतं. म्हणाले, काढा पुस्तकं. मी म्हणाले, कपाटात नाहीत, सभासदाकडं आहेत, आणि सभासदाकडचं पुस्तक परत आल्याशिवाय बाद करता येत नाही. नियम भिंतीवर आहे, खाली सही त्यांचीच आहे. ते भिंतीपर्यंत गेले, चष्मा लावून वाचून आले.

"कुणाकडं आहेत?"

"माझ्याकडं," आबा म्हणाले. "तिनी भाग. कार्डावर घेतल्यात."

"कधी देणार परत?"

"वाचून झाल्यावर."

"आबा, तुम्हाला वाचता येत नाही."

"व्हय," आबा म्हणाले. "म्हणून तर येळ लागंल."

कुणी हसलं नाही. लालासाहेबांनी पोत्याची घडी केली, सावकाश, मिलिटरीत करतात तशी, आणि जाताना मला म्हणाले की पुढच्या महिन्यापासून दुसरी बाई बघू. बघू देत. सव्वीस वर्षं थोडी नाहीत.

सगळे गेले तरी आबा बसून होते. दुरुस्त केलेल्या ठरावावर त्यांचा नव्यानं अंगठा हवा होता. मी शाईचा डबा उघडला. त्यांनी हात पुढं केला नाही.

"आधी वाच."

मी तारखेपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. मग त्यांनी अंगठा दिला.