पाण्याची परतीची वाट

सकाळी सकाळी टिपरशेठच्या घरात पुन्हा चहा फाटला. पातेल्यात दुधाच्या गुठळ्या तरंगू लागल्या आणि टिपरशेठचा आवाज चढला. आधी तो बायकोवर घसरला, मग दाराशी आलेल्या दूधवाल्यावर. दूधवाला सायकलवरून न उतरताच म्हणाला, "शेठ, हेच दूध साऱ्या गल्लीत जातं. फाटतं ते फक्त तुमच्याकडे." घरात काही बिनसलं की आधी दुसऱ्याची मानगूट धरायची, ही सवय तुम्हाआम्हाला नवी नाही. टिपरशेठला ती जरा जास्तच होती.

माती वाहणारे दोन टिपर त्याच्या मालकीचे, म्हणून हे नाव. खाडीकाठी त्याच्या वाट्याची सखल जमीन होती. भरतीला तिथे पाणी पसरायचं आणि ओहोटीला एका ओहळातून मुकाट्याने परत जायचं. तिथून खाडी अशी दिसायची की त्या जागेवर लॉज बांधायचंच, हे त्याच्या डोक्यात घट्ट बसलं होतं. लागूनच त्याच्या विधवा वहिनीचं भाजीचं शेत होतं आणि शेताच्या कोपऱ्यात विहीर. दोन्ही घरं त्याच विहिरीचं पाणी पीत.

आडवी आली ती वहिनीच. गावसमिती जमिनीचा आराखडा करायला बसली होती. घरं कुठे होतील, शेती कुठे राहील आणि कुठे काहीच बांधायचं नाही, हे सगळ्यांनी मिळून ठरवायचं होतं. वहिनी समितीवर होती. सगळा काठ पायी फिरून समितीने चुन्याच्या फक्कीची पांढरी रेघ मारली आणि रेघेपलीकडे बांधकाम नको असं सुचवलं. टिपरशेठची अख्खी जमीन पलीकडे गेली.

गावाच्या सभेत तो वहिनीवर तुटून पडला. "भाऊ गेल्यापासून माझ्या वाट्यावर डोळा आहे तुमचा. सरळ कबूल करा ना."

"डोळा असता तर लॉजला हो म्हटलं असतं आणि भागीदारी मागितली असती," वहिनी म्हणाली.

"माझी जमीन, माझी मर्जी!"

"जमीन तुमची आहे, भाऊजी. तिच्यावर येणारं पाणी तुमचं नाही. तुम्ही ते अडवलंत तर ते दुसऱ्या कुणाच्या तरी दारात जाणार."

"तुम्हाला काय कळतं त्यातलं? तुम्ही आपली वांगी पिकवा."

लोक हसले. वहिनी हसली नाही. त्या दिवसापासून दोन घरांमधलं बोलणं बंद झालं.

आराखडा मंजूर व्हायच्या आत जमीन भरून टाकायची आणि मग ती आधीपासूनच तशी होती म्हणून हात वर करायचे, हा या धंद्यातला जुना डाव. टिपरशेठ तोच खेळला. त्याने टिपर मुद्दाम फक्कीच्या रेघेवरून नेऊन ती पुसून टाकली. बघता बघता जमीन उंच झाली आणि ओहळ मातीखाली गाडला गेला. "आता बघू कोण अडवतं ते," वहिनीला ऐकू जाईल अशा बेताने तो ओरडला. पौर्णिमेची मोठी भरती आली आणि गेली. भरावावर थेंबभरही पाणी चढलं नाही, तेव्हा त्याने मिशीला पीळ दिला. मग पाणी गेलं कुठे, हा प्रश्न काही त्याला पडला नाही.

मग चहा फाटू लागला. दूधवाल्याकडून दाद मिळेना, तेव्हा त्याचा संशय विहिरीवर गेला आणि विहिरीवरून थेट वहिनीवर. तो तरातरा शेतात शिरला.

"विहिरीत काय कालवलंत? खुन्नस माझ्यावर काढा, पाण्यावर कशाला?"

 वहिनीने बादली सोडली, पाणी शेंदलं, पेला भरून त्याच्या हातात दिला. "प्या."

त्याने घोट घेतला आणि तिथेच थुंकला. पाणी खारट होतं.

"हे मी कालवलेलं नाही, तुम्ही कालवलंय," वहिनी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण त्यात मायेचा लवलेश नव्हता. "तुमच्या भरावाला वळसा घालून भरती माझ्या शेतात आली. परत जायची वाट तुम्ही बुजवलीत. मग ती इथेच साचली, इथेच मुरली. ही पानं बघा, कडेने जळलीत. वांगी मी पुन्हा लावीन. विहीर कुठून आणू?"

"भरती काय मी आणली?" असं काहीतरी पुटपुटत तो बाहेर पडला. चेहरा उतरला होता, तोरा अजून उतरला नव्हता.

संध्याकाळी गिरणीवाला घरी आला, तो खुशीतच. टिपरशेठच्या घरामागे त्याची सखल जमीन होती. "शेठ, भराव झकास झालाय तुमचा. तसाच मलाही टाकून द्या. आराखडा व्हायच्या आत उरकून टाकू."

टिपरशेठ ताडकन उठला. "डोकं फिरलंय का? तिथे भरलंस तर पाणी कुठे जाईल? माझ्या स्वयंपाकघरात?"

"जाईल कुठेतरी. माझी जमीन, माझी मर्जी. सभेत तुम्हीच म्हणालात ना?" गिरणीवाल्याचं हसू मावळलं. "आणि तुम्ही नाही टाकलात तर दुसरा टाकेल. टिपर काय तुमच्याकडेच आहेत?"

तो पाय आपटत निघून गेला. बायको दारात उभी होती. "सभेत जाऊबाईही तेच सांगत होत्या, पाणी दुसऱ्याच्या दारात जाईल म्हणून. तुम्ही त्यांना वांगी पिकवायला सांगितलंत."

 आता टिपरशेठला राग काढायला समोर कुणीच उरलं नव्हतं. भर सभेत ज्या बाईचा आपण पाणउतारा केला, तिचंच म्हणणं आज आपल्या तोंडून निघालं, आणि तेही स्वतःच्या घराला झळ लागायची वेळ आली तेव्हा! त्याला स्वतःची मनापासून लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी त्याचेच टिपर भराव उपसून नेऊ लागले. ओहळ मोकळा झाला. मग फक्कीचं घमेलं घेऊन त्याने पुसलेली रेघ स्वतःच्या हाताने पुन्हा मारली, आधी आपल्या जमिनीवरून, मग गिरणीवाल्याच्या. गिरणीवाल्याने शिव्यांची लाखोली वाहिली. टिपरशेठने ती ऐकून घेतली, पण रेघ वाकवली नाही.

नागरिकहो, सातबारा प्रत्येकाचा वेगळा असेल, पण खाडी, शेत आणि विहीर यांना तो वाचता येत नाही. म्हणून काठाची जमीन कशी वापरायची हे एकट्याने ठरवायचं नसतं, गावाने मिळून ठरवायचं असतं, आणि ठरलेली रेघ सर्वांत आधी स्वतःच्या जमिनीवर पाळायची असते.

टिपरशेठ वहिनीच्या दारात गेला. "वहिनी, चुकलं माझं."

"असू दे" असं ती म्हणाली नाही. आत गेली, चहा करून आणला आणि कप त्याच्यापुढे ठेवला. चहा काळा होता.

"दूध घातलं नाही," ती म्हणाली. "अजून फाटतं."

त्याने तो खारट चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.